सुट्टी पंधरा दिवसांची, चढण अठरा दिवसांची

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, कैलास परिक्रमेतली डोल्मा ला खिंड सुमारे ५,६०० मीटरवर आणि आफ्रिकेतले किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच. मराठवाड्यातल्या माणसाने जन्मभर अनुभवलेली उंची आणि त्याला जिथे जायचे आहे ती उंची यांत साडेतीन-चार हजार मीटरहून अधिक अंतर आहे. त्यातला वरचा भाग विमानाने, गाडीने किंवा पैशाने पार होत नाही. तो शरीराला पार करावा लागतो, आणि शरीर त्यासाठी दिवस मागते.

या शहराला उंचीची ओळख नाही असे मुळीच नाही. पोलीस दलातले रफिक शेख २०१६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचले. त्याआधी २०१४ मध्ये खुंबू हिमप्रपातातल्या दुर्घटनेत १६ नेपाळी कामगार गेले आणि मोसमच बंद पडला. २०१५ मध्ये भूकंप झाला. दोन्ही वर्षी त्यांना हात हलवत परतावे लागले होते. मनीषा वाघमारे यांनाही २०१७ मध्ये शिखर अगदी जवळ आलेले असताना हवामानामुळे माघार घ्यावी लागली. त्या २०१८ मध्ये पुन्हा गेल्या आणि शिखर गाठून आल्या. शहराला त्यांचे सत्कार आठवतात. माझ्या मते त्यांची माघारीची वर्षे अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहेत.

हा आढावा मात्र शिखरावर न जाणाऱ्यांसाठी आहे. वाळूजच्या कारखान्यात काम करणारे, बँकेतले, शाळेतले, नुकतेच निवृत्त झालेले असे अनेक जण आता नेपाळ, तिबेट, भूतान किंवा टांझानियाच्या डोंगरवाटांची चौकशी करतात. त्यांचे पहिले प्रश्न बहुधा खर्चाचे, बुटांचे आणि थंडीचे असतात. हे प्रश्न रास्तच आहेत, पण त्यांची उत्तरे सोपी आहेत. अवघड प्रश्न एकच: सुट्टी किती दिवसांची आहे? बेत बहुतेकदा तिथेच फसतो.

विरळ हवेत नेमके काय होते

उंचावर ऑक्सिजनचे प्रमाण कमी होते असे आपण बोलतो. प्रमाण तेच राहते, सुमारे २१ टक्के. हवेचा दाब मात्र घटतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात येणारा ऑक्सिजन कमी होतो. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीर यावर उपाय शोधते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातले रासायनिक संतुलन नव्याने बसवतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. यातले काही बदल तासांत होतात, काहींना दिवस लागतात, तर काहींना आठवडे. घाई करणाऱ्याचे शरीर या कामाच्या अर्ध्यावर असते आणि माणूस मात्र पुढच्या मुक्कामाला पोचलेला असतो.

डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, गळून जाणे, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. नेमकी हीच लक्षणे प्रवासाचा शीण, ऊन किंवा अपुरे पाणी यांनीही होतात, म्हणून माणूस स्वतःची समजूत घालतो. तीन हजार मीटरच्या वर डोके दुखू लागले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच दुखते आहे असे धरून चालावे, हा डोंगरातल्या डॉक्टरांचा जुना नियम आहे. पुढचा टप्पा जिवावरचा असतो. फुफ्फुसांत पाणी साचले तर विश्रांती घेतानाही धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळे पडतात. मेंदूला सूज आली तर तोल जातो, बोलणे असंबद्ध होते, माणूस गुंगीत जातो. सरळ रेषेवर टाचेला पंजा लावून चालता येते का, ही साधी चाचणी तंबूबाहेरही करता येते. तोल गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच वेळी खाली उतरायचे. औषधे आणि ऑक्सिजन उतरण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत.

यावरचा प्रतिबंधक नियम जगभरात सारखाच सांगितला जातो. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर अधिक काढावी. दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला आलेले चालते, कारण मोजायची असते ती झोपेची उंची. ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. त्याने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये. ती गोळी शरीराच्या जुळवून घेण्याला वेग देते, पण तिच्या भरवशावर मुक्काम गाळता येत नाही. लसणाचे सूप, कापूर, आले यांबद्दल वाटेवर खूप ऐकायला मिळते. त्यांनी थोडे बरे वाटेल, याहून जास्त भरवसा त्यांच्यावर टाकू नये.

एक गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे: रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला काही होणार नाही. तंदुरुस्ती आणि उंचीचा आजार यांचा तसा संबंध नाही. उलट तगडा तरुण जोरात चढतो, लक्षणे लपवतो आणि अडचणीत येतो. घाटी रुग्णालयात किंवा दुसऱ्या कुठल्याही चांगल्या रुग्णालयात हृदयाची ताणचाचणी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन जरूर तपासावे, पण या तपासण्यांतून उंची सोसेल की नाही ते कळत नाही. सोसण्याचा एकमेव विश्वासार्ह पुरावा म्हणजे आधी त्या उंचीवर राहून आल्याचा अनुभव. म्हणूनच पहिलाच हिमालयीन ट्रेक परदेशात पाच हजार मीटरच्या वर करण्याचे मी कोणालाही सुचवणार नाही. आधी ३,६३६ मीटरवरचे संदकफू किंवा सव्वाचार हजार मीटरच्या आसपासचा हम्प्टा पास करून यावे. मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन थंडीत गोठते हे लक्षात ठेवावे आणि औषध अंगाशी बाळगावे. सिकलसेलच्या वाहकांना एरवी काही त्रास नसला तरी मोठ्या उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. आपल्या राज्यातल्या आदिवासी जिल्ह्यांत हा दोष आढळतो, म्हणून तिकडच्या तरुणांनी ही एक तपासणी आवर्जून करून घ्यावी.

मुक्काम आधी, तिकीट नंतर

पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा मुक्काम आधी ठरलेले असतात आणि माणसे त्या मुक्कामांप्रमाणे चालतात. डोंगरातला प्रवासही तसाच आखायला हवा. आपण मात्र बहुधा उलटे करतो. रजा किती मिळते ते पाहतो, तेवढ्या दिवसांची तिकिटे काढतो आणि मग उंची त्यात कोंबतो.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचाच हिशेब मांडून पाहू. लुक्ला २,८६० मीटरवर. पहिल्या दिवशी तिथून खाली २,६१० मीटरवरच्या फाकडिंगला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर, आणि तिथे दोन रात्री. मग तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, तिथे पुन्हा दोन रात्री. नंतर लोबुचे ४,९४०, आणि आठव्या दिवशी ५,१६४ मीटरवरच्या गोरक्षेपला सामान टाकून बेस कॅम्पला जाऊन परत. नवव्या दिवशी पहाटे काला पत्थर चढून फेरिचेपर्यंत उतरायचे, मग नामचे, मग लुक्ला, आणि बाराव्या दिवशी काठमांडूचे विमान. लक्षात घ्या, ही काटकसरीची आखणी आहे. तेंगबोचे ते दिंगबोचे आणि दिंगबोचे ते लोबुचे या दोन्ही उड्या ५०० मीटरची मर्यादा थोडी ओलांडतातच. यातला एकही दिवस गाळण्यासारखा नाही.

या बारा दिवसांत हवामानाचे दोन राखीव दिवस मिळवा. लुक्लाची छोटी धावपट्टी ढगांमुळे दिवसचे दिवस बंद राहते. गर्दीच्या मोसमात तिथली बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून काही तासांचा रस्त्याने प्रवास. आपल्या चिकलठाणा विमानतळावरून काठमांडूला थेट सोय नाही. मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढचे विमान पकडायचे, काठमांडूत परवाने आणि सामान नीट करायचे, यात जाताना दोन दिवस जातात आणि परतताना दोन. बेरीज १८ होते. हाती १५ दिवसांची रजा असते. मग संयोजक दिंगबोचेची दुसरी रात्र काढून टाकतो, राखीव दिवस काढून टाकतो आणि परतीला हेलिकॉप्टर घालतो. पत्रकावर हा प्रवास सुटसुटीत दिसतो. माझ्या दृष्टीने ही तडजोड अयोग्य आहे, आणि ती स्वीकारणारा प्रवासीही तितकाच जबाबदार आहे.

१८ दिवस मिळत नसतील तर दुसऱ्या वाटा आहेत आणि त्या कमी सुंदर नाहीत. घोरेपानी-पून हिल ३,२१० मीटरवर संपतो. लांगतांग खोऱ्यातले क्यांजिन गोम्पा ३,८७० मीटरवर आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर. दहा-बारा दिवसांत हे नीट होतात, आणि पुढच्या मोठ्या बेताआधी आपले शरीर कसे वागते तेही कळते.

यात्रेकरूंचा डोंगर

मराठवाड्यातून परदेशातल्या उंचीवर सर्वांत श्रद्धेने कोण जात असेल तर ट्रेकर नव्हे, यात्रेकरू. आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. ट्रेकर निदान स्वतःला ट्रेकर समजतो, बूट घेतो, चार माणसांना विचारतो. पशुपतिनाथ-मुक्तिनाथच्या सहलीला निघालेल्या सत्तरीतल्या आजी-आजोबांना आपण तीन हजार सातशे मीटरच्या वर जाणार आहोत हे अनेकदा सांगितलेलेच नसते. पोखरा आठशे-नऊशे मीटरवर आहे. तिथून जीपने एक-दोन दिवसांत मुक्तिनाथला नेतात, वर थंड पाण्याच्या १०८ धारांखाली स्नान. दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली उतरले तर सहसा निभावते. वर मुक्काम ठेवला असेल तर मधल्या उंचीवर, मार्फा किंवा जोमसोमला, एक रात्र आधी काढावी असा आग्रह घरच्यांनी धरायला हवा.

कैलास-मानसरोवर हा त्याहून कितीतरी मोठा विषय. परराष्ट्र मंत्रालयाची यात्रा २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी उत्तराखंडच्या लिपुलेखमार्गे ५० जणांच्या पाच तुकड्या आणि सिक्कीमच्या नाथू ला मार्गे दहा, म्हणजे एकूण ७५० यात्रेकरू. निवड सोडतीने होते, वय १८ ते ७० असावे लागते, वजन-उंचीचे गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, २५ च्या आत मागतात. दिल्लीत काही दिवस थांबून वैद्यकीय तपासणी होते आणि लिपुलेखच्या वाटेवर गुंजीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे डॉक्टर पुन्हा तपासतात. तिथे नापास झालेल्याला परत पाठवतात. अनेकांना हा जाच वाटतो. माझ्या मते या यात्रेचा सर्वांत चांगला भाग हाच आहे. संथ चढण, बरोबर डॉक्टर, आणि नाही म्हणण्याचा अधिकार असलेली यंत्रणा.

सोडतीत नंबर न लागलेले नेपाळमार्गे खासगी कंपन्यांकडे वळतात. त्यातला एक मार्ग नेपाळगंजहून सिमीकोट आणि पुढे हेलिकॉप्टरने हिल्सा असा जातो. नेपाळगंज तराईत, जेमतेम दीडशे मीटरवर. सिमीकोट तीन हजारांच्या आसपास. हिल्सा साडेतीन हजारांच्या वर, तिथून सीमा ओलांडून तकलाकोट आणि मग ४,५९० मीटरवरचे मानसरोवर. हे सारे काही कार्यक्रमांत तीन-चार दिवसांत उरकतात. ५०० मीटरचा नियम त्यात कुठेच बसत नाही. दुसरा मार्ग काठमांडूहून रसुवागढी-केरुंगचा. तिथला सीमेवरचा पूल २०२५ च्या जुलैत पुराने वाहून गेला. सिमीकोट-हिल्सा भागात २०१८ च्या जुलैत हवामान बिघडल्याने सुमारे दीड हजार भारतीय यात्रेकरू अडकून पडले होते. अशा ठिकाणी अडकणे म्हणजे उंचीवर, थंडीत, अपुऱ्या खोल्यांत, औषधे संपत आलेली असताना दिवस काढणे.

परिक्रमा ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची. दुसऱ्या दिवशी डोल्मा ला ओलांडायची. तिथपर्यंत आलेल्या भाविकाला परत फिर म्हणणे फार कठीण जाते. आयुष्यभराची इच्छा असते, पैसे साठवलेले असतात, गावाने निरोप दिलेला असतो. म्हणून ही गोष्ट घरूनच ठरवून निघावी. परिक्रमेच्या सुरुवातीच्या यमद्वारापर्यंत जाऊन, कैलासाला हात जोडून परतणाऱ्याची यात्रा अपुरी राहत नाही असे कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांनी निघण्याआधी मोकळेपणाने बोलून ठेवावे. डोंगरावर हे कोणी पहिल्यांदा सांगितले तर भाविकाच्या कानापर्यंत पोचत नाही. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मालपाच्या दरडीखाली सुमारे दोनशे माणसे गेली, त्यांत कैलासचे यात्रेकरू होते. तिथे कोणाचीच चूक नव्हती. निसर्गाचा तेवढा धोका या वाटेवर आहेच, त्यात घाईची भर घालू नये एवढेच आपल्या हातात आहे.

ऋतू, रस्ते आणि राजकारण

नेपाळमध्ये चालण्याचे दोन मोसम: मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांशी हे बऱ्यापैकी जुळते. दिवाळीची सुट्टी उत्तम, आकाश स्वच्छ असते. मेच्या सुट्टीत दुपारी ढग येतात, पण रात्री सुसह्य असतात. मात्र मेमध्ये आपण चाळीस-बेचाळीस अंशांतून निघून आठवड्याभरात शून्याखाली पोचतो, त्यामुळे पहिले दोन दिवस अंगाला फार जड जातात. गणपतीच्या सुट्टीत किंवा श्रावणात नेपाळ टाळावे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळ-वरणगाव परिसरातील भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण दगावले. ही बस ज्या रस्त्यावर होती तो पोखरा-काठमांडू हा साधा पर्यटकांचा रस्ता आहे. पाच हजार मीटरची चिंता करताना तळातल्या रस्त्याची चिंता राहून जाते. पावसाळ्यात रात्रीचा बसप्रवास कोणत्याही किमतीत नको.

पावसाळा संपला असे पंचांग पाहून ठरवता येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरअखेर नेपाळमध्ये पूर-दरडींनी दोनशेहून अधिक माणसे गेली. त्याआधीचे उदाहरण तर भारतीयांनी विसरू नये असे आहे. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ ला विशाखापट्टणमला धडकले, आणि दोन दिवसांनी त्याच्याच अवशेषाने अन्नपूर्णा परिसरात, ५,४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीभोवती प्रचंड बर्फ पाडला. किमान ४३ माणसे मेली, त्यांत भारतीय ट्रेकरही होते. बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी ज्या आठवड्यात येते, त्या आठवड्यात हिमालयातली खिंड ओलांडायची नाही. बातमी मराठी वाहिनीवरही मिळते, फक्त तिचा संबंध आपल्या वाटेशी जोडता आला पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन पेटले, विमानतळ बंद झाला आणि प्रवासी अडकले. राखीव दिवस फक्त ढगांसाठी नसतात.

कागदपत्रे आणि विमा

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाला आधार कार्डावर जाता येत नाही, आणि विमानतळावरून परत फिरावे लागते ते नेमके यामुळे. शहरातच पोस्टाच्या सेवा केंद्रात पासपोर्टची सोय आहे, तेव्हा तो काढूनच ठेवावा. तिबेटसाठी तो किमान सहा महिने वैध हवा. सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी परदेशप्रवासाची पूर्वपरवानगी वेळेत मागावी, त्या फाइलला डोंगरापेक्षा जास्त दिवस लागू शकतात. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीत, १,५०० नेपाळी रुपये अधिक कर, इतका मिळतो. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, म्हणजे ही रक्कम हजार-अकराशेच्या घरात जाते. परवान्यांवर खर्च फारसा होत नाही, तो विमानभाडे, राहणे-खाणे आणि गाईड-पोर्टर यांवर होतो. वर चढावे तसे पाण्याच्या बाटलीपासून मोबाइल चार्जिंगपर्यंत सारे महागते, कारण सारे पाठीवरून येते.

विम्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. विमानाच्या तिकिटाबरोबर मिळणारा साधा प्रवास विमा उंचीवरच्या ट्रेकिंगला बहुधा लागू होत नाही. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत उंचीची मर्यादा असते, तीन हजार किंवा चार हजार मीटर. आपल्या वाटेवरचा सर्वोच्च बिंदू त्या मर्यादेच्या आत आहे का, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे का, हे दोन प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. हेलिकॉप्टरचा खर्च काही हजार डॉलर असतो. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत असे उघड झाले की गरज नसताना प्रवाशांना हेलिकॉप्टरने उतरवून विमा कंपन्यांकडून फुगवलेली बिले वसूल करण्याचे प्रकार चालत होते. तेव्हा हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर बोलावे. पण खरोखर तोल गेलेला किंवा ओठ निळे पडलेला साथीदार असेल तर बिलाचा विचार नंतर करावा.

देवगिरीच्या पायऱ्यांवर

सराव इथेच होतो, आणि चांगला होतो. देवगिरीचा डोंगर सुमारे दोनशे मीटरचा. पाठीवर आठ किलो घेऊन तो दोनदा चढला-उतरला की नामचेनंतरच्या एका दिवसाच्या चढाइतके काम पायांना पडते. रोजच्यासाठी गोगाबाबा टेकडी आहे. सुट्टीच्या दिवशी म्हैसमाळ किंवा कन्नडकडचा अंतूर, महिन्यातून एकदा कळसूबाई किंवा साल्हेर. सहा महिने हे नेटाने केले तर पाय तयार होतात. उतरण्याचा सराव मात्र आपल्याकडे कोणी करत नाही, आणि बेस कॅम्पहून परतताना गुडघे तिथेच बोलतात. मेच्या उन्हात पहाटे पाचला बाहेर पडावे, दुपारचा व्यायाम नको. विरळ हवेचा सराव इथे होणार नाही हे मान्य करावे. नाकावर बांधायचे मुखवटे विकत मिळतात, त्यांनी श्वास अडतो, पण उंची मिळत नाही. नेपाळमधली आयलंड पीकसारखी शिखरे ट्रेकिंग शिखरे म्हणून विकली जातात, प्रत्यक्षात तिथे दोर आणि क्रॅम्पॉन लागतात. तिकडे जायचे असेल तर आधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये प्राथमिक अभ्यासक्रम करावा.

नेपाळपलीकडच्या देशांचे थोडक्यात. किलिमांजारोवर दोर लागत नाही, त्यामुळे ते सोपे वाटते. पाच-सहा दिवसांत सुमारे १,८०० मीटरवरून ५,८९५ वर जायचे असते, म्हणून मारंगू वाटेच्या पाच दिवसांच्या स्वस्त कार्यक्रमापेक्षा लेमोशो वाटेचे आठ दिवस घ्यावेत. जाता-येता केनिया किंवा इथिओपियात विमान बदलायचे असेल तर पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ हवे. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि अधिकृत केंद्रावरच मिळते. प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लहान मुलांना विक्रमासाठी तिथे नेण्याची आपल्याकडे हौस वाढते आहे. डोके दुखते हे मूल नीट सांगू शकत नाही, आणि पालकांनी तिरंगा आधीच बॅगेत ठेवलेला असतो. मुलाच्या वतीने माघार घेणारा पालक मला मोठा वाटतो. भूतानमध्ये भारतीयांना दर रात्री १,२०० रुपये शुल्क भरून जाता येते. तिथल्या वाटा शांत आहेत, पण गाईडशिवाय नाहीत.

पोर्टरांविषयी दोन शब्द. टांझानियात एका माणसाच्या पाठीवर २० किलोंची मर्यादा आहे, नेपाळच्या वाटांवर सर्रास ३० किलोंपर्यंत ओझे दिले जाते. बहुतेक पोर्टर शेतकरी घरातले, आपल्यासारखेच सखल भागातून आलेले असतात आणि त्यांनाही उंचीचा आजार होतो. त्यांचा विमा, बूट आणि उबदार कपडे आहेत का हे बुकिंगच्या वेळी विचारावे. ते आजारी पडले तर त्यांना एकटे खाली पाठवू नये. जेवणाचे म्हणाल तर वरच्या गावांत डाळ-भात खावा. खुंबूत पशुहत्या करत नाहीत, मांस खालून अनेक दिवस पाठीवरून येते, म्हणून एरवी मांसाहार करणाऱ्यांनीही नामचेच्या वर शाकाहारच करावा. फेरिचेत हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना १९७३ पासून आहे. मोसमात तिथले डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. दिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी जाऊन यावे, ते थोडेच अंतर आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, नोंदणी आणि सुरक्षेचे निकष ठरवले. सीमेपलीकडे ते लागू होत नाही. तिकडे प्रवाशाचा वाली तो स्वतःच असतो. तेव्हा संयोजकाला पहिला हप्ता देण्याआधी त्याच्याकडून एकच कागद मागा: रोजचा मुक्काम कोणत्या गावी आणि तो किती मीटरवर. तीन हजारांच्या वर रोज पाचशेहून बऱ्याच मोठ्या उड्या दिसत असतील, दोन विश्रांतीच्या रात्री आणि दोन राखीव दिवस नसतील, तर पैसे देऊ नका. रजा वाढवून घ्या, किंवा या वर्षी लांगतांगला जाऊन या आणि बेस कॅम्प पुढच्या दिवाळीला करा.